उष्ट्या वाटीतली पेज पातळ का होते?

दीड वर्षाच्या पोराने चार चमचे खाऊन वाटी ढकलली. अर्ध्या तासाने पाहावं तर दाट नाचणीची पेज पाण्यासारखी झालेली. पोर जेवत नाही म्हटलं की कोकणात मीठ-मोहरी उतरवली जाते, पण दृष्टीचा इथे काही संबंध नाही. पेज पातळ केली ती चमच्यावरून वाटीत गेलेल्या लाळेने, तिच्यातल्या अमायलेज या विकराने (एन्झाइमने).

पिठातले स्टार्चचे कण ६०-७० अंशांना पाणी पिऊन फुगतात आणि पेज दाटते. दाट पेज पोराला गिळवत नाही, म्हणून घरचे पाणी वाढवतात. घोटाळा इथेच होतो. या वयाचं पोट एका वेळी अडीचशे-तीनशे मिलीच घेतं. २०० मिली पेजेत २० ग्रॅम पीठ असेल तर जेमतेम ६५ किलोकॅलरी मिळतात. आईच्या दुधाखेरीज दिवसाला लागतात साधारण ५५०. ‘पातळ म्हणजे पचायला हलकं’ या समजुतीपायी पोट भरतं, पण पाण्याने.

अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्या मधेच कापतं. तुकड्यांना पाणी धरून ठेवता येत नाही, पेज वाहू लागते, पीठ मात्र तेवढंच राहतं. मोड आलेल्या धान्यातही हे विकर भरपूर असतं, कारण कोंबाला साठवणीतला स्टार्च फोडूनच वाढायचं असतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात याच तत्त्वावर बाळांच्या आहाराचं काम केलं.

नाचणी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस मोड काढा, कडक उन्हात वाळवा, मुळं चोळून काढा आणि दळा. खमंग भाजलीत तर विकर मरतं. हे काम उन्हाळ्यातच उरका, पावसाळी दमटात वाळण्याआधीच बुरशी धरते.

आता २०० मिली पाण्यात साधं पीठ ४० ग्रॅम शिजवा. उकडीसारखा गोळा होईल, घाबरू नका. खाली उतरवा, वाफ ओसरली पण बोटाला चटका बसतोय अशा वेळी मोडाचं पीठ एक चमचा घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत गोळा सैल पडून चमच्यावरून ओघळू लागतो. मग एक उकळी द्या, मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. रटरटत्या पेजेत घातलंत तर ती दाटच राहते, गार पेजेत घातलंत तर फार वेळ लागतो.

माल्ट म्हणजे असं मोड काढून वाळवलेलं धान्यच. पण ‘बुद्धी वाढवतं’ म्हणून विकतच्या माल्टचा डबा आणणार असाल, तर त्यात साखर किती ते डब्याच्या मागे वाचाच.

भरवणं अर्ध्या तासात आटपा, तोंड फिरवलं की थांबा. पुढच्या जेवणापर्यंत दोन-तीन तास बिस्कीट नको. आणि ती उष्टी वाटी मागाहून द्यायला झाकून ठेवू नका, लाळेबरोबर तिच्यात जंतूही गेलेले असतात.