तोंड आलं, डोळे लाल झाले: गोळी बाधली की खोकला?

निफाडचा पारा उतरला की नाशिकच्या होस्टेलांमधून खोकला फिरायला लागतो. आठवडाभर खोकून झाल्यावर एखाद्या पोराचं तोंड येतं, आणि तेही साधं नाही. ओठ सुजून फुटलेले, त्यावर रक्ताळलेली काळी खपली, डोळे चिकटलेले, लघवीला आग. पाण्याचा घोटही गिळवत नाही. घरचे म्हणतात, "मेडिकलवाल्याची गोळी बाधली." डॉक्टरांच्या मनातही आधी येतो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. यायलाच हवा, कारण तो जिवावर बेततो.

हा आजार बहुतेकदा औषधामुळे होतो. फिटच्या गोळ्या, सल्फा, युरिक अ‍ॅसिडसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल ही नेहमीची नावं. नवं औषध सुरू केल्यावर साधारण ४ ते २८ दिवसांत ताप येतो, छाती-पाठीवर गडद, दुखरे चट्टे उठतात आणि कातडी सुटू लागते.

दुसरा आजार मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये या जंतूच्या खोकल्यामागून येतो. २०१५ साली त्याला एमआयआरएम (मायकोप्लाझ्मामुळे येणारं पुरळ आणि तोंड-डोळ्यांचा दाह) असं वेगळं नाव सुचवलं गेलं. मुलं आणि किशोरवयीन, त्यातही मुलगे जास्त. तोंड, डोळे, गुप्तांग यांची दैना होते, पण अंगावर मोजकेच फोड असतात, बहुधा हातापायांवर. काहींच्या अंगावर तर काहीच नसतं. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

मग इतका घोळ का? खोकल्यासाठी पहिल्याच दिवशी अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्या कुळातलं औषध) दिलेलं असतं आणि सातव्या दिवशी तोंड येतं. तारखा दोन्हीकडे जुळतात! गंमत म्हणजे अमॉक्सिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर घाव घालतं, आणि मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते, त्यामुळे हे औषध त्याच्यावर चालतच नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन लागतं. अमॉक्सिसिलिनचा उपयोग शून्य, वर आळ मात्र त्याच्यावर. अशा वेळी घशाच्या स्वॅबची पीसीआर आणि छातीचा एक्स-रे कामाला येतात.

निदान होईपर्यंत संशयित औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंदच ठेवायचं, आणि मूल दवाखान्यात भरतीच हवं. डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा, पापण्या आतून चिकटल्या तर नजरेवर बेतू शकतं. जाताना गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्या, प्रत्येकीवर सुरू केल्याची तारीख लिहून. आणि जंतूच दोषी ठरला, तर फाइलवर लाल पेनानं लिहिलेली "पेनिसिलिन अ‍ॅलर्जी" डॉक्टरांना विचारून खोडून घ्या.