असेन्शन बेटावर रडारवाली पोरं आली कुठून?

दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन ह्या ब्रिटिश बेटावर, अमेरिकन मिसाइलांवर नजर ठेवणाऱ्या ट्रॅकिंग स्टेशनवरच्या पोरांची गोष्ट समजून घ्यायची तर आधी मेक्सिकोत जावं लागतं. 29 मे 1947 ला न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सहून व्ही-2 ह्या महायुद्धातल्या जर्मन रॉकेटवर बेतलेलं एक रॉकेट सोडलं, ते उत्तरेला जायचं सोडून दक्षिणेला गेलं आणि सीमेपलीकडं हुआरेझ शहराजवळ कबरस्तानाच्या बाजूला जाऊन आदळलं. नशीब की कुणी मेलं नाही. पण लांब पल्ल्याच्या टेस्टिंगसाठी कॅलिफोर्नियातली जागा जवळजवळ ठरली होती, तिथून रॉकेटं मेक्सिकोच्या हद्दीवरून जाणार होती, मग मेक्सिको कशाला हो म्हणेल? शेवटी फ्लोरिडातलं केप कॅनाव्हेरल घेतलं, पुढं सगळा समुद्रच. 1949 च्या मे महिन्यात त्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमनची सही झाली आणि 24 जुलै 1950 ला तिथून पहिलं रॉकेट उडालं.

आता खरी अडचण. रडारला सरळ रेषेतलंच दिसतं आणि पृथ्वी गोल, त्यामुळं मिसाइल क्षितिजाखाली गेलं की केपवाले आंधळे. म्हणून ब्रिटिशांशी करार करून बेटामागून बेट घेत गेले, ग्रँड बहामा, एल्युथेरा, ग्रँड टर्क असं करत करत 1956 च्या करारानं थेट असेन्शन, म्हणजे स्टेशन नंबर 12, केपपासून साधारण 8,000 किमी. 1953 पासून ही रेंज, म्हणजे केपपासूनचा सगळा चाचणीचा पट्टा, चालवायचं कॉन्ट्रॅक्ट पॅन अ‍ॅम विमान कंपनीकडं होतं आणि रडार, टेलिमेट्री (मिसाइलनं रेडिओवरून पाठवलेली मोजमापं), कॅमेरे हे आरसीए ह्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडं, त्यामुळं तिथली टेक्निशियन मंडळी सैनिक नव्हती, कंपनीची नोकरमाणसं होती, त्यातल्या बऱ्याच जणांनी रडारचं काम लष्करात असतानाच हातात बसवलेलं.

बेट 88 चौरस किमीचं, बहुतेक सगळा काळा-तांबडा ज्वालामुखीचा दगड, मूळचे रहिवासी कुणीच नाहीत, हिरवळ काय ती 859 मीटरच्या ग्रीन माउंटनवर. धावपट्टी 1942 ची, महायुद्धात अमेरिकन इंजिनिअरांनी केलेली, नाव वाइडअवेक, म्हणजे टक्क जागं, तिथल्या समुद्रपक्ष्यांवरून पडलेलं, कारण ते रात्रभर कलकलाट करतात.

आणि काम? तासन्‌तास काउंटडाउन ऐकत बसायचं, मधेच होल्ड लागला, म्हणजे काउंटडाउन थांबवला, की परत थांबायचं, रडारमधले व्हॉल्व्ह (इलेक्ट्रॉनिक काचेच्या नळ्या) गरम आहेत ना, डिश नीट कॅलिब्रेट झालीय ना हे पुन्हा पुन्हा बघायचं आणि सगळं मिळून काही मिनिटांसाठी स्क्रीनवर एक ठिपका, तो निसटला तर ती मिनिटं परत मिळत नाहीत. मिसाइल पाण्यात पडल्याचा आवाज समुद्रतळाशी टाकलेले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, पकडायचे, त्यावरून जागा काढायची. 28 नोव्हेंबर 1958 ला अ‍ॅटलस हे अमेरिकेचं लांब पल्ल्याचं मिसाइल पहिल्यांदा पूर्ण पल्ला गाठून दक्षिण अटलांटिकमधे उतरलं त्याचं कौतुक सगळीकडं केपचं झालं, पण मिसाइलचा नेम किती बसला हे केपवरून कुणालाच दिसत नव्हतं, ते ह्या पुढच्या बेटांवरच्या नोंदींच्या टेपांवर होतं. मला तरी त्या दिवसाचे हिरो तिथली ही पोरंच वाटतात.