अगरु ‘ऐकायचा’ कसा? जपानी धूपाची तुलना आणि तापमानाचा खेळ

‘उदबत्ती’तला ऊद म्हणजे मुळात अगरुचे लाकूड, अरबीत ‘ऊद’ शब्दाचा अर्थच लाकूड. हिंदीतली ‘अगरबत्ती’ही त्याच लाकडावरून आलेली. आज बाजारातल्या बहुतेक पुड्यांत त्याचा कणही नसतो, आणि आपण निखाऱ्यावर घालतो तो ऊद बहुधा लोबान, म्हणजे वेगळ्याच झाडाचा डिंक. नाव राहिले, वस्तू गेली. वस्तू अजून जिवापाड जपली जाते ती जपानमध्ये, जिथे हे झाड उगवतच नाही.

अक्विलेरिया जातीची ही झाडे आसामपासून व्हिएतनाम, इंडोनेशियापर्यंत आढळतात. निरोगी झाडाचे लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ बिनवासाचे असते. खोडाला जखम झाली, त्यात बुरशी शिरली, की झाड बचावासाठी तिथे राळ साठवू लागते. वर्षानुवर्षे राळ मुरलेला भाग काळपट आणि इतका जड होतो की पाण्यात बुडतो. म्हणून जपानी नाव ‘जिन्को’, बुडणारा सुगंध. जपानच्या जुन्या इतिवृत्तात 595 सालची नोंद आहे: आवाजी बेटावर एक ओंडका वाहत आला, लोकांनी तो सरपण म्हणून चुलीत घातला आणि दरवळ पाहून राजदरबारी पोचवला. जपानमधल्या बहुतांश धूपकांड्या आज त्याच बेटावर तयार होतात. नाराच्या शाही भांडारात ‘रान्जाताई’ नावाचा सुमारे 1.56 मीटर लांबीचा, 11.6 किलोचा तुकडा आहे. 1574 मध्ये सरदार ओदा नोबुनागाने आणि 1877 मध्ये सम्राट मेइजी यांनी त्याच्या ढलप्या काढून घेतल्या.

आता मुद्द्याचे. अगरुला एक ठरावीक वास नसतो, तापमानानुसार उलगडत जाणारी वासांची रांग असते. राळेत संयुगांचे दोन मोठे गट असतात. पहिला सेस्क्विटर्पीनांचा. ती तुलनेने लवकर उडतात, त्यामुळे थंड किंवा जेमतेम कोमट लाकडाचा वास मुख्यतः त्यांचा. दुसरा गट फिनाइलएथिल क्रोमोनांचा. ही थंडपणी जवळजवळ गप्प असतात. तापली की तुटू लागतात आणि त्यातून बेन्झाल्डिहाइड, अॅनिसाल्डिहाइड असे छोटे रेणू सुटतात. कडू बदामाची झाक आणि बडीशेपेच्या वळणाचा गोडवा त्यांचा. आणखी तापवले की लाकूडच करपते, मग चांगला अगरु आणि पाटाची फळी यांत फारसा फरक उरत नाही. दोन नमुने वेगवेगळ्या आचेवर ठेवून ‘हा गोड, तो कडवट’ असा निवाडा देणे म्हणजे लाकडांची नव्हे, निखाऱ्यांची तुलना.

जपानी व्यापारात जिन्कोचे ढोबळ दोन घाट मानतात. ‘शामू’, म्हणजे सयाम (आजचे थायलंड) आणि इंडोचीनच्या बाजूचा, गोडसर. ‘तानी’, म्हणजे इंडोनेशिया-मलेशियाकडचा, तिखट-कडवट. या दोहोंच्या वर ‘क्यारा’. तो व्हिएतनामचा, राळेने ओथंबलेला, तुलनेने मऊ आणि थंड असतानाही वास देणारा. धूपकलेत, म्हणजे ‘कोदो’त, लाकडाचे सहा वर्ग आणि पाच चवी सांगतात: गोड, आंबट, तिखट, खारट, कडू. आपल्या षड्रसांतला तुरट तेवढा गळला आहे. खारट वास कसा असतो हा प्रश्न रास्त आहे. घाम पुसलेल्या फडक्याला येतो तसा, अशी तिथली पारंपरिक खूण. वेष्टनावर ‘क्यारा’ लिहिलेली स्वस्त कांडी दिसली तर ते सुगंधाचे नाव समजावे, घटकाचे नव्हे.

निव्वळ लाकूड पारखायची रीत अशी. हातात मावेल अशी चिनी मातीची वाटी तीन चतुर्थांश भरेल इतकी बारीक पांढरी राख घ्यावी आणि धातूच्या काडीने ती हलकी होईपर्यंत मोकळी करावी. सुमारे 2 सेंटीमीटरचा बिनवासाचा कोळसा बाहेरच पेटवावा आणि सगळीकडून करडा-पांढरा होऊ द्यावा. मग तो राखेच्या मधोमध असा पुरावा की वर साधारण 1 सेंटीमीटर राख राहील. भोवतीची राख वर ओढून, न दाबता, बुटका शंकू करावा. शिखरातून काडी सरळ निखाऱ्यापर्यंत खुपसून भोक पाडावे. त्या भोकावर अभ्रकाचा चौकोनी पापुद्रा, आणि पापुद्र्यावर तांदळाच्या दाण्याएवढी ढलपी. वाटी डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हाताचे छत्र धरावे, अंगठ्याजवळच्या फटीतून तीन संथ श्वास घ्यावेत, उच्छ्वास मात्र बाजूला मान वळवून सोडावा. याला जपानीत वास घेणे म्हणत नाहीत, ‘ऐकणे’ म्हणतात.

धूर दिसला की चुकले. अभ्रक लगेच उचलून शंकूवर थोडी राख चढवावी. वासच येत नसेल तर भोक बुजले आहे, किंवा राख दाबल्यामुळे हवा न मिळून कोळसा विझला आहे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात राख ओल धरते आणि निखारा हमखास मरतो; अशी राख आधी जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून घ्यावी. हुक्क्याचा झटपट पेटणारा कोळसा वापरू नये, त्यातल्या सोऱ्याचा (पोटॅशियम नायट्रेटचा) वास ढलपीच्या आधी नाकात बसतो. नीट जमलेली मांडणी अर्धा तास सहज बोलते. तेलात बुडवलेले नकली लाकूड इथेच उघडे पडते: पहिल्या मिनिटात अत्तराचा भपका, पाच-सात मिनिटांत नुसते जळके लाकूड. खरा अगरु मधल्या काळात रंग बदलत राहतो. थंड असताना वास येतो एवढ्यावरून मात्र नकली ठरवू नये, क्याराचाही येतोच.

कांडीची गोष्ट वेगळी. जपानी कांडीत बांबूची काडी नसते. ‘ताबू’ झाडाच्या सालीचे चूर्ण पाण्याने चिकट होते, त्यात अगरु, चंदन, लवंग, दालचिनीच्या जातीची साल, जटामांसी असे घटक मळून शेवयांसारखे सोऱ्यातून काढतात आणि सावकाश वाळवतात. (उत्तम चंदन म्हणून तिथे म्हैसूरकडचेच मागतात.) पेटत्या टोकाला तापमान शेकडो अंश असते, म्हणजे रांगेतले सगळे वास एकदम बाहेर पडतात. म्हणून कांडी नाकाशी धरणे व्यर्थ; तिथे धूरच जास्त. दोन-तीन मीटर दूर बसावे. काडेपेटीऐवजी लायटर वापरावा, पंखा बंद ठेवावा पण एक खिडकी किलकिली असू द्यावी, कारण कितीही महाग असला तरी धूर तो धूरच. पहिली दोन-तीन मिनिटे जमेस धरू नयेत. पाचव्या मिनिटाला खोलीबाहेर जाऊन परत यावे. नाक एका वासाला चटकन सरावते, आणि दारातून आत शिरतानाचा पहिला श्वास बसून घेतलेल्या दहा श्वासांपेक्षा खरे सांगतो. तुलनेला 7 सेंटीमीटरचा तुकडा पुरतो. दोन तुकड्यांमध्ये खोली अर्धा-पाऊण तास मोकळी करावी. पडदे आणि उशा वास धरून ठेवतात, त्यांची अडचण असतेच. एका बैठकीत तीन नमुने पुष्कळ झाले.

किमतीचा लेबलावरचा आकडा नाकावर दडपण आणतो, त्यामुळे पारख आंधळीच हवी. कोदोत त्यासाठी खेळ आहेत. ‘गेंजीको’त पाच प्रकारांच्या प्रत्येकी पाच पुड्या करतात, त्या 25 मिसळून पाच उचलतात, आणि कोणत्या पुड्या एकसारख्या ते ओळखायचे असते. पाच वस्तूंचे असे गट 52 प्रकारे पडतात. अकराव्या शतकातल्या ‘गेंजी’ या जपानी कादंबरीची प्रकरणे 54; पहिले आणि शेवटचे वगळून प्रत्येक प्रकरणाला यातल्या एकेका गटवारीची आकृती दिली आहे.

घरी ‘सान्शुको’ पुरे. तीन प्रकारांच्या तीन-तीन पुड्या, मिसळून तीन उचलायच्या. उत्तरे फक्त पाच. तिन्ही वेगळ्या असण्याची शक्यता सुमारे 32 टक्के, ठरावीक दोनच सारख्या असण्याची प्रत्येकी सुमारे 21 टक्के, आणि तिन्ही एकाच लाकडाच्या असण्याची 28 मध्ये फक्त एक. तेव्हा तिसऱ्या पुडीपाशी ‘सगळे एकच वाटतेय’ असे झाले, तर बहुधा लाकूड नव्हे, नाक थकलेले असते. खिडक्या उघडाव्यात, उरलेल्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात कापरापासून लांब ठेवाव्यात आणि डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडावा.