झोताच्या वाटेतले तारे

१९१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे हेबर कर्टिस यांनी एम८७ या ‘तेजोमेघा’तून (खरं तर ती एक दीर्घिका आहे) निघालेली एक सरळ रेघ नोंदवली. ती रेघ म्हणजे दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून सुटलेला वेगवान कणांचा झोत आहे, हे उमगायला पुढे अनेक दशकं जावी लागली.

खरा पेच उभा राहिला तो १९७४ मध्ये. फॅनारॉफ आणि रायली या खगोलशास्त्रज्ञांनी रेडिओ दीर्घिकांचे, म्हणजे जोरदार रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिकांचे, दोन गट पाडले. काहींचे झोत अगदी टोकाला जाऊन झळाळतात, काहींचे मात्र केंद्राजवळ तेजस्वी असतात आणि पुढे मंदावत विरून जातात. प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी करू पाहणाऱ्या झोताला घरातच, म्हणजे दीर्घिकेच्या आतच, कोण आवरतं? संशय होता तो कडेने आत मिसळणाऱ्या वायूवर.

१९९४ मध्ये सर्गेई कोमिसारोव यांनी झोताच्या आतच पाहिलं. झोत दीर्घिकेतून जातो, म्हणजे त्याच्या पोटात असंख्य तारे सापडणारच. प्रत्येक ताऱ्याचा वारा असतो. आपला सूर्यच सेकंदाला दहा लाख टनांहून जास्त वस्तुमान उधळतो. तांबडे राक्षसी तारे त्याच्या लाखो पट उधळू शकतात. हा वारा झोताला थोपवतो. दोघांचा दाब जिथे समसमान होतो तिथे ताऱ्यापुढे धनुष्याकार आघातलाट उभी राहते. वाऱ्यातलं द्रव्य मागे ओढलं जाऊन झोतात मिसळतं. संवेग तेवढाच, वस्तुमान वाढलेलं, वेग उतरणारच. मला ही कल्पना फार सुंदर वाटते: एकेक तारा क्षुल्लक, पण सगळे मिळून झोत जड करतात.

पुरावा शोधायला सेंटॉरस-ए ही रेडिओ दीर्घिका सोयीची, कारण ती जेमतेम सव्वा कोटी प्रकाशवर्षांवर आहे. (मे महिन्याच्या मध्यात रात्री दहाच्या सुमाराला महाराष्ट्रातून ती दक्षिणेला, क्षितिजाच्या थोडी वर असते, गडद आकाश आणि दुर्बीण हवी.) २००३ मध्ये चंद्रा या अंतराळातल्या क्ष-किरण दुर्बिणीची आणि रेडिओ निरीक्षणं जोडून पाहिली, तेव्हा सेंटॉरस-एच्या झोतातल्या काही गाठी, म्हणजे तेजस्वी ठिपके, प्रकाशाच्या निम्म्या वेगाने सरकताना दिसल्या. क्ष-किरणांत उजळ असलेल्या काही मात्र जागच्या जागी होत्या. वाहत्या झोतात जागा न सोडणारी गाठ म्हणजे तिथे काहीतरी आडवं आलेलं आहे: वायूचा ढग, नाहीतर जोरदार वारा सोडणारा तारा.

मग एम८७ पुन्हा चर्चेत आली. तिच्या गॅमा किरणांचं तेज अवघ्या दोन-तीन दिवसांत बदलतं, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१० मध्ये बार्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी त्याचं एक स्पष्टीकरण सुचवलं: कृष्णविवराजवळ एखादा तांबडा राक्षसी तारा झोतात शिरतो, त्याचं बाहेरचं सैल आवरण सोलून निघतं आणि तो ढग झोताच्या माऱ्यात भडकतो.