लाओसला निघण्याआधी: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

लाओस म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात, "तिथे समुद्र आहे का?" नाही. चीन, म्यानमार, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम अशा पाच शेजाऱ्यांच्या मधोमध हा देश आहे. पण मेकाँग नदी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सोबत करते आणि आमची सहलही तिच्याच काठच्या गावांतून खाली उतरते.

पहिला मुक्काम लुआंग प्रबांगला, तीन रात्री. मेकाँग आणि नाम खान नद्यांच्या संगमावरचं हे जुनं राजधानीचं गाव १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथे पहाटे लवकर उठा. उजाडता उजाडता भिक्खू अनवाणी, एका रांगेत येतात. रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायका वेताच्या टोपलीतून चिकट भाताचा गोळा काढून प्रत्येकाच्या पात्रात ठेवतात. कोणी बोलत नाही. आपल्याकडच्या माधुकरीची आठवण येते. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, फ्लॅश मारू नका, भिक्खूंना स्पर्श करू नका. भात द्यायचा असेल तर आदल्या रात्री आम्हाला सांगा, हॉटेलात शिजवून घेऊ.

तिथून तीसेक किलोमीटरवर क्वांग सी धबधबा. चुनखडीमुळे कुंडांचं पाणी निळसर हिरवं दिसतं, पावसाळ्यात मात्र ते गढूळ होतं. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेत शेतं जाळतात आणि डोंगर धुरात दिसेनासे होतात. म्हणून आमचे गट नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात निघतात.

राजधानी व्हिएन्तिआनला आपण रेल्वेने जातो. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या या गाडीने दोन तासांच्या आसपास लागतात. सोनेरी फा थात लुआंग स्तूप पाहायला एक दुपार पुरते.

खरा आग्रह आहे तो दक्षिणेचा. बऱ्याच सहली व्हिएन्तिआनहूनच परततात. आम्ही विमानाने पाक्सेला आणि तिथून चंपासाकला जातो, कारण तिथलं वात फू हे प्राचीन मंदिर पाहिल्याशिवाय परतू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. फू काओ डोंगराच्या माथ्यावर निसर्गतःच लिंगासारखा सुळका आहे. त्यावरूनच प्राचीन काळी याला लिंगपर्वत म्हणत. उतारावर ख्मेर राजवटीतलं शिवमंदिर आहे. आपल्याकडे पिंडीवर गळती टांगतात. इथे कड्यातून झिरपणाऱ्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हाळीने थेट गाभाऱ्यातल्या लिंगावर आणलं होतं. आज गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे, पण झरा वाहतोच आणि लोक ते पाणी डोक्याला लावतात. मागच्या खडकावर कोरलेली त्रिमूर्ती पाहायला विसरू नका. वर जाताना पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना चाफ्याची झाडं आहेत. चाफा हे लाओसचं राष्ट्रीय फूल. त्याला तिथे 'डोक चंपा' म्हणतात. नाव ऐकून परकं वाटत नाही.

वेळ असेल त्यांच्यासाठी शियेंग ख्वांगचं प्रचंड दगडी रांजणांचं पठार वेगळं जोडून देतो. १९६४ ते १९७३ दरम्यान अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. न फुटलेले अजून मातीत सापडतात. त्यामुळे तिथे पायवाट सोडायची नाही, ही आमची पक्की अट आहे.

जेवणाचं आधीच सांगतो. भाजीतही 'नाम पा' म्हणजे माशाचं पाणी घालतात, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही. शाकाहारी असाल तर "किन जे" (म्हणजे शाकाहारी खातो) एवढं पाठ करा; बाकी आमचा माणूस सांभाळेल. मेतकूट, लोणचं जरूर घ्या.

वात फूच्या वरच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, कठडा नाही. गुडघे दुखत असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा. तुमच्यासोबत आमचा एक माणूस खाली तळ्याकाठी थांबेल, आणि झऱ्याचं पाणी वरून बाटलीत आणून देऊ.