मका पिकातील नत्र खत

मका हे खादाड पीक आहे. नत्राची (नायट्रोजनची) मात्रा बदलली की त्याचा परिणाम पानांच्या रंगापासून कणसाच्या टोकापर्यंत दिसतो. नत्र हरितद्रव्याचा आणि प्रथिनांचा घटक असल्याने तो कमी पडला की पाने फिकट व अरुंद राहतात आणि ताटे बारीक होतात. अशा वेळी झाड जुन्या पानांतला नत्र काढून शेंड्याकडे नेते, म्हणून लक्षणे आधी खालच्या पानांवर दिसतात. पिवळेपणा टोकापासून निघून मधल्या शिरेलगत पाचरीसारखा आत सरकतो, कडा मात्र काही काळ हिरव्या राहतात. पालाश (पोटॅश) कमी पडले तर उलट कडाच आधी करपतात. शेतात उभे राहून एवढा फरक ओळखता आला, तरी चुकीच्या खताचा खर्च वाचतो.

उगवणीनंतर पहिले काही आठवडे गरज थोडी असते. पीक गुडघाभर झाल्यापासून तुरा येईपर्यंत ती झपाट्याने वाढते, आणि कणसावर किती ओळी, ओळीत किती दाणे धरू शकतील, हेही याच काळात ठरते. तेव्हा नत्राची ओढ बसली तर कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात, तोवर तुऱ्यातले परागकण बरेचसे झडून गेलेले असतात आणि कणसाचे टोक रिकामे राहते. ही तूट नंतर कितीही युरिया टाकून भरून निघत नाही.

म्हणूनच एकूण मात्रेइतकेच महत्त्व वेळेला आहे. महाराष्ट्रात हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरसयुक्त खत) व ४० किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. नत्राचा एक तृतीयांश भाग पेरणीला आणि उरलेला साधारण ३० व ४५ दिवसांनी, दोन हप्त्यांत देतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४० किलोच्या एका हप्त्याला सुमारे ८७ किलो, ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या लागतात. युरिया वाफशावर, म्हणजे जमिनीत बेताची ओल असताना, ओळीच्या बाजूला, मातीआड द्यावा. ओलसर जमिनीवर नुसता फेकला तर बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. मुसळधार पावसात तो नायट्रेटरूपाने मुळांखाली झिरपतो.

मात्रा वाढवत नेली तरी प्रत्येक जादा किलोमागे मिळणारी वाढ घटत जाते आणि पीक लुसलुशीत होऊन लोळण्याचा धोका वाढतो. सोयाबीन किंवा हरभऱ्याचा बेवड असेल, म्हणजे शेतात आधी ते पीक घेतले असेल, शेणखत भरपूर पडले असेल, तर माती परीक्षण पाहून शिफारशीतला नत्र कमी करता येतो.