स्थानिक आरोग्य नियंत्रण : प्राण्यांचे विलगीकरण आणि किरणोत्सारी कचरा

प्राण्यांपासून माणसाला होणारे रोग आणि किरणोत्सारी पदार्थांची बाधा यांना आळा घालण्यासाठी शहर किंवा जिल्हा पातळीवरील आरोग्य यंत्रणा वापरते त्या अधिकारांचा या नोंदीत एकत्र विचार केला आहे. हे विषय वरवर पाहता एकमेकांपासून दूरचे आहेत; पण धोकादायक जिन्नस वेळेवर हेरणे, ठरावीक मुदतीपर्यंत अडवून ठेवणे आणि त्याची चोख नोंद राखणे हे काम दोन्हीकडे सारखेच असते.

आयात जनावरांचे विलगीकरण हा बहुधा राष्ट्रीय यंत्रणेचा प्रांत असतो. १९२० मध्ये भारतीय उपखंडातून ब्राझीलकडे निघालेली गुरे अँटवर्प बंदरातून गेली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथरोग पसरला. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये आजच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेची स्थापना झाली. स्थानिक यंत्रणेच्या वाट्याला मुख्यतः चावणारी कुत्री आणि मांजरे येतात. चावलेला प्राणी निरोगी दिसत असला, तरी त्याला १० दिवस निरीक्षणाखाली ठेवतात. रेबीजचा विषाणू लक्षणे दिसण्याच्या थोडेच दिवस आधी लाळेत उतरतो आणि लक्षणे सुरू झाल्यावर प्राणी लवकरच दगावतो. म्हणून दहाव्या दिवशी धडधाकट असलेल्या प्राण्याच्या लाळेत चावतेवेळी विषाणू नव्हता, असे खात्रीने म्हणता येते. रेबीज आढळणाऱ्या प्रदेशांत चावा बसलेल्या माणसाची लस मात्र या निकालासाठी लांबवत नाहीत. लस न टोचलेला प्राणी पिसाळलेल्या प्राण्याच्या तावडीत सापडला असेल, तर अधिशयनकाळ (विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) उलटेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, त्याला वेगळे ठेवावे लागते.

किरणोत्सारी साहित्य बाळगण्याचा परवाना सहसा राष्ट्रीय नियामक देतो. रुग्णालयांतील अल्पजीवी कचरा बंद खोलीत साठवून तो आपोआप निवू देणे, म्हणजे त्यातील किरणोत्सार ओसरू देणे, ही सर्वांत साधी पद्धत होय. उपचारात वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सुमारे ८ दिवसांचे असते. अशी १० अर्धायुष्ये, म्हणजे साधारण ८० दिवस, गेली की किरणोत्सार हजारांश उरतो आणि मोजणी करून कचरा सोडता येतो. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य मात्र ३० वर्षांचे असल्यामुळे तेथे ही युक्ती चालत नाही.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ मध्ये अशा दीर्घजीवी पदार्थाच्या धोक्याचा कटू अनुभव आला. बंद पडलेल्या उपचारकेंद्रातून सीझियमचा स्रोत चोरीला गेला, नेणाऱ्यांनी तो फोडून भंगारवाल्याला विकला आणि अंधारात चमकणारी पूड घरोघर वाटली गेली. घरातली माणसे आजारी पडू लागल्यावर भंगारवाल्याच्या पत्नीने उरलेले तुकडे पिशवीत घालून बसने सार्वजनिक आरोग्य कार्यालयात नेले. तेथील डॉक्टरने ती पिशवी आवारातील एका खुर्चीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी एक भौतिकशास्त्रज्ञ किरणोत्सार मोजणारे मापक घेऊन आला, तेव्हा ते कोणत्याही दिशेला धरले तरी काटा पूर्ण सरकलेलाच दिसल्याने त्याला उपकरणच बिघडले असे वाटले आणि त्याने दुसरे मागवले. अग्निशमन दल तर पिशवी नदीत फेकण्याच्या बेतात होते. या दुर्घटनेत ४ जण मृत्युमुखी पडले, २४९ जणांना दूषण झाल्याचे आढळले आणि सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली. आजार एखाद्या वस्तूमुळे होत असल्याचा संशय डॉक्टरांच्या आधी एका गृहिणीला आला, ही बाब तक्रारी नोंदवून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने लक्षात घ्यावी अशी आहे.

क्वचित दोन्ही विषय एकाच जागी येतात. थायरॉइडच्या विकारावर आयोडीन-१३१ दिलेले मांजर संसर्गामुळे नव्हे, तर किरणोत्सारामुळे पशुवैद्यकीय रुग्णालयात वेगळे ठेवावे लागते. घरी परतल्यावरही काही काळ त्याच्या मलमूत्रात आयोडीन उतरत राहते. त्याच्या शौचपात्रातील माती नेहमीच्या कचऱ्यात टाकली, तर कचराभूमीच्या प्रवेशद्वारावरील किरणोत्सार टिपणारा संवेदक वाजू शकतो. मग गाडी बाजूला घेऊन पिशवी शोधणे, समस्थानिक (किरणोत्सारी मूलद्रव्याचा नेमका प्रकार) ओळखणे आणि आयोडीनच असल्यास ती निवण्यासाठी वेगळी ठेवणे हे काम करावे लागते.